नासी गोरेंग घरी करताय? मग आधी वाटण नीट परता

नासी गोरेंग म्हणजे इंडोनेशियातला परतलेला भात, बस. जकार्तात लोक तो सकाळी नाश्त्याला खातात आणि रात्री उशिरा गल्लीत कढईवर उलथनं टक-टक आपटत गाडीवाला येतो त्याच्याकडेही खातात, त्या आवाजावरून त्याला नावच पडलंय नासी गोरेंग तेक-तेक. आपल्याकडे मात्र फ्राइड राइस करायचा, त्यात सोया सॉस आणि दोन चमचे साखर ओतायची आणि फोटो टाकायचा. तसंच करायचं असेल तर खुशाल करा, पुढे वाचायची गरज नाही.

दोन माणसांसाठी: ३ वाट्या शिजलेला भात, ७-८ सांबार कांदे, ३ लसूण पाकळ्या, ३ ओल्या लाल मिरच्या, १ छोटा चमचा तेरासी, २ मोठे चमचे केचाप मानिस (म्हणजे तिकडचा दाट, गोड सोया सॉस), २ अंडी, तेल, मीठ. मोठा कांदा घेऊ नका, त्याला पाणी फार सुटतं. ओल्या लाल मिरच्या नाही मिळाल्या तर ब्याडगी गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून घ्या.

भात कोलमचा, आदल्या रात्रीचा, फ्रिजमधला. बासमती नको. संपलं.

तेरासी म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा घट्ट गोळा, म्हणजे आपल्या जवळ्याच्या कुळातलंच प्रकरण, फक्त आंबवून वाटलेलं. फॉइलमध्ये गुंडाळून तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-मिनिट भाजा आणि खिडक्या आधी उघडा, नंतर नाही. ठाण्यात पहिल्यांदा भाजली तेव्हा शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, सुकट भाजतेस का गं? तेरासी नसेलच तर जवळा कोरडा भाजून पूड करा, चव तीच येणार नाही पण जवळपास जाते. शाकाहारी असाल तर सरळ वगळा, मीठ किंचित वाढवा, पण त्याऐवजी व्हिनेगर वगैरे ओतू नका प्लीज.

आता वाटण. तिकडे चोबेक नावाचा दगडी पसरट खल असतो, त्यात कुटत नाहीत, आपण पाट्यावर वरवंटा ओढतो तसं रगडतात. कांदा, लसूण, मिरची, तेरासी, मीठ सगळं एकत्र. पाटा असेल तर नशीबवान आहात. मिक्सर असेल तर चालेल पण एक अट, पाण्याचा थेंब घालायचा नाही, पातं फिरत नसेल तर तेल घाला. यावर मी वाद घालणार नाही.

कारण खरी गोची पुढच्या स्टेपला आहे आणि मी इथेच जवळजवळ सहा महिने मार खाल्लाय. जकार्तात असताना मी अर्धी वाटी पाणी घालून गुळगुळीत पेस्ट करायचे, गॅस फुल, दोन मिनिटं परतलं की भात आत. व्हायचं काय, तर वाटण तळलं न जाता नुसतं उकळायचं, भात गिच्च आणि वर कच्च्या कांद्याचा उग्र वास, तो झाकायला मी अजून केचाप ओतायचे, मग ते गोड मिट्ट. आमच्या मजल्यावरच्या एक इबू, म्हणजे काकू, हे बघत उभ्या होत्या, त्यांनी पुढे होऊन गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "सबार, म्बाक, सबार." म्बाक म्हणजे ताई आणि सबार म्हणजे आपली सबुरी, शब्द थेट ओळखीचा निघाला म्हणून डोक्यात बसला.

तर ३ मोठे चमचे तेल, मध्यमच्या खाली आच, वाटण आत आणि ८ ते १० मिनिटं हलवत राहायचं. घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा. सुरुवातीला फसफस आवाज येतो, वाफ येते, डोळे चुरचुरतात, तोवर आत पाणी आहे. मग आवाज बारीक, कोरडा होतो, चरचर असा. रंग गुलाबीचा विटकरी होतो, गोळा निम्म्यावर येतो, उलथनं फिरवलं की मागे कढईचा तळ दिसतो आणि कडेने लाल तेल सुटतं. आपण मटणाच्या मसाल्याला तेल सुटेपर्यंत थांबतोच ना, मग इथे कसली घाई? तळाला लागायला लागलं तर अजून एक चमचा तेल घाला, पाणी नको. आणि लसूण काळी पडली तर वाटण टाकून द्या, तो कडूपणा केचापने जात नाही, मी ट्राय केलंय.

पुढचं सगळं ४ मिनिटांचं काम. वाटण बाजूला सारा, एक अंडं फोडून ढवळा, आच मोठी, भात हाताने मोकळा करून आत. केचाप मानिस सगळ्यात शेवटी, भात वाटणात रंगल्यावर, कढईच्या कडेने सोडायचं. नुसत्या वाटणावर आधी ओतलंत तर त्यातला गूळ जळतो. बाटली मिळाली नाही तर पाव वाटी सोया सॉसमध्ये अर्धी वाटी गूळ घालून मंद आचेवर काकवीइतकं दाट होईपर्यंत आटवा. गोव्याचा माडाचा गूळ मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण तिकडचा गूळ, गुला जावा, तोही बहुतेक माडाच्याच नीरेचा असतो. साखर नको.

दुसरं अंडं कडा कुरकुरीत होईपर्यंत तळून वर ठेवा, काकडीचे काप, क्रुपुक (तिकडचे तळलेले कुरकुरीत पापड) मिळाले तर ते, नाहीतर तांदळाचे पापड. चमचा आणि काट्याने खातात, चमचा उजव्या हातात.

वाटण करताना दुप्पटच करा. परतून गार करा, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला टाका, पुढच्या वेळी दोन क्यूब कढईत टाकले की ती दहा मिनिटं वाचतात.