हाय-पॉवर रॉकेटची रिकव्हरी निवडताना या चुका टाळा (कोकणात उडवणार असाल तर नक्की वाचा)

रॉकेट वर कसं जाणार यावर पोरं महिनोन्महिने डोकं लावतात, मोटर, फिन, स्टॅबिलिटी सगळं ओपनरॉकेट या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा रन करतात, आणि ते खाली कसं येणार (म्हणजेच रिकव्हरी) हे मात्र लाँचच्या आदल्या आठवड्यात ठरतं. तिथेच गडबड सुरू होते. पॅराशूट, दोरी, हुक, कापड हे सगळं 'उरलेल्या जागेत काय मावतं' या हिशोबाने घेतलं जातं आणि मग दोन-तीन महिन्यांची मेहनत कातळावर आपटते नाहीतर समुद्रात जाते.

मी इथे बोलतोय ते लहान हाय-पॉवर रॉकेटबद्दल, म्हणजे एच किंवा आय क्लासची मोटर, ५४ मिमीच्या आसपासची ट्यूब, दीड किलोपर्यंत वजन. अमेरिकेत एनएआर आणि ट्रायपोली या हौशी रॉकेटवाल्यांच्या संघटनांच्या लेव्हल १ प्रमाणपत्रात हेच येतं, मोटरचा एकूण जोर १६०.०१ ते ६४० न्यूटन-सेकंद. आपल्याकडे मोटर आणि इजेक्शनची (पॅराशूट बाहेर ढकलणारी) काळी पावडर दोन्हीला स्फोटकांचा १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम आहेत, त्यामुळे कॉलेजमार्फत, लायसन्स असलेल्या माणसाकडून आणि प्रशासनाची परवानगी घेऊनच करायचं. चिपीला २०२१ पासून विमानतळ आहे, त्यामुळे सिंधुदुर्गात तर हवाई हद्दीचं आधी विचाराच. घरी पावडर कुटायचा विचारही नको.

वारा न बघता पॅराशूट घेणं

ही चूक नंबर एक, आणि किनाऱ्यावर तर हिच्यासारखी महाग चूक नाही. आपल्याकडे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा आणि रात्री ते सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा, हे शाळेत सगळेच शिकलोय. पण लाँचच्या दिवशी लोक म्हणतात सकाळी वारा कमी असतो, सात वाजता उडवू. वारा कमी असतो हे खरं, पण तो समुद्राकडे वाहत असतो! सडा (जांभ्याचं मोकळं पठार) किनाऱ्याला लागून असेल तर हळूहळू तरंगत खाली येणारं रॉकेट सरळ पाण्यावर जाणार. दुपारी उलटं, खारा वारा जोरात असतो पण तो रॉकेट आत गावाकडे, कलमांच्या बागांकडे ढकलतो. मधे मतलई पडून खारा सुटायच्या आधी एक शांत वेळ मिळते, तीच पकडायची. आणि लक्षात ठेवा, वर जाताना रॉकेट वाऱ्यात तोंड घालतं, म्हणजे खाऱ्या वाऱ्यात ते आधी समुद्राकडे झुकत जातं आणि मग पॅराशूटवर परत आत येतं. खालचा वारा आणि वरचा वारा एकाच दिशेचा असेल याचीही गॅरंटी नाही, ढगांकडे बघा, शक्य असेल तर फुगा सोडून बघा.

आता हिशोब करू. रॉकेट ६०० मीटरवर गेलं, तिथेच मोठं पॅराशूट उघडलं आणि ते सेकंदाला ५.५ मीटरने खाली येतंय. खाली यायला लागतात जवळपास १०९ सेकंद. वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किमी, किनाऱ्यावर हा काही मोठा वारा नाही. तेवढ्यात रॉकेट साडेपाचशे मीटर लांब जातं. तुमच्याकडे साडेपाचशे मीटर मोकळा सडा आहे का? बहुतेक ठिकाणी नसतो.

उपाय एकच, वरून भराभर खाली आणायचं आणि मोठं पॅराशूट खाली येऊन उघडायचं. वर ड्रोग म्हणजे छोटं पॅराशूट, सेकंदाला २० मीटरने १५० मीटरपर्यंत, मग मेन म्हणजे मोठं. तेच ६०० मीटरचं गणित आता ५० सेकंदांवर येतं आणि ड्रिफ्ट (वाऱ्याने वाहून जाणं) २५० मीटरवर, म्हणजे निम्म्याहून कमी. पॅराशूटचे दोन खण, उंची मोजणारं अल्टिमीटर, पावडरीचे दोन चार्ज हे सगळं दीड किलोच्या रॉकेटला जड वाटत असेल तर एकच पॅराशूट गुंडाळून धरणारा आणि ठरलेल्या उंचीवर सोडणारा छोटा रिलीज मिळतो, तो बघा. माझं मत स्पष्ट आहे, किनाऱ्यापासून दोन किलोमीटरच्या आत उडवणार असाल आणि ३०० मीटरच्या वर जाणार असाल तर टोकालाच, म्हणजे सगळ्यात उंच गेल्यावर लगेच, मेन उघडायचा प्लॅन सोडून द्या. आणि एनएआरच्या सेफ्टी कोडमध्ये ताशी २० मैल, म्हणजे ३२ किमीच्या वर वारा असेल तर उडवायचंच नाही असं आहे, ते तर पाळाच.

पॅराशूटचा साईज 'मोठा तेवढा बरा' म्हणून घेणं

मोठं घेतलं की ड्रिफ्ट वाढतो, ट्यूबमध्ये ठासून भरावं लागतं, आणि ठासलेलं पॅराशूट वेळेवर बाहेर येत नाही. छोटं घेतलं की फिन तुटतात. सेकंदाला ५.५ मीटरने उतरणं म्हणजे रॉकेट दीड मीटरवरून हातातून सोडण्यासारखं, ८ मीटर म्हणजे सव्वातीन मीटरवरून. वाळूवर ६ सुद्धा चालून जातं, पण जांभ्याचा कातळ खरखरीत आणि दगडच, तिथे ५ च्या आसपास राहा.

साईज काढताना दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं वजन. प्रोपेलंट (मोटरमधलं इंधन) जळून गेल्यावरचं वजन धरायचं, पण केसिंग (मोटरचं कवच), इपॉक्सी, रंग, दोरी, पॅराशूट स्वतः, जीपीएस, हे सगळं त्यात हवं. डिझाइनमधलं वजन आणि काट्यावरचं वजन कधीच जुळत नाही, तयार रॉकेट काट्यावर ठेवा. दुसरं म्हणजे ड्रॅग कोएफिशंट, पॅराशूट हवेला किती अडवतं त्याचा आकडा. साध्या सपाट कापडाच्या पॅराशूटचा ०.७५ च्या आसपास धरतात, घुमटाकार शिवलेल्याचा १.५ पर्यंत. दीड किलोला ५.५ ने उतरवायचं तर सपाट पॅराशूट लागतं साधारण १.१६ मीटर व्यासाचं आणि घुमटाकार चालतं ०.८२ मीटरचं. म्हणजे एकाच रॉकेटला दोन वेगळे साईज, दोन्ही बरोबर! एका टीमने ८० सेंटिमीटर घेतलं म्हणून तुम्हीही ८० घेतलंत आणि तुमचं घरी शिवलेलं सपाट निघालं तर तेच रॉकेट जवळपास सेकंदाला ८ मीटरने येणार. त्यात उन्हाळ्यात हवा गरम आणि दमट असते म्हणून थोडी विरळ, वेग दोन-तीन टक्क्यांनी वाढतो, फार नाही, पण काठावरचा साईज घेऊ नका.

पॅराशूट घड्याळाच्या लोलकासारखं झुलत असेल तर मधे भोक ठेवा. व्यासाच्या २० टक्के भोक ठेवलं तरी क्षेत्रफळ फक्त ४ टक्के जातं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. कापड रिपस्टॉप नायलॉन. छत्रीचं कापड बंदरावरच्या शिंप्याकडून शिवून घेऊ म्हणणारे असतात, उतरायला ते उतरेल पण झटका सोसेल का हे तुम्हाला माहीत नसतं.

दोरीत कंजूषी

ही दोरी म्हणजे रॉकेटचे सुटलेले भाग आणि पॅराशूट एकत्र धरणारी. आपल्या किनाऱ्यावर जाळ्याच्या दुकानात दोऱ्या, रश्शा, स्विव्हल (पीळ सोडणारी फिरती कडी) सगळं स्वस्तात मिळतं आणि मजबूतही असतं, त्यामुळे मोह होतो. पण जाळ्याच्या बऱ्याच दोऱ्या पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईच्या असतात. एचडीपीई १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या आसपास. इजेक्शनचा गरम गॅस अंगावर आला की ती दोरी संपली. नायलॉन २२० च्या पुढे तग धरतं, केव्हलर ४०० च्या वर. म्हणून मोटरजवळचा तुकडा केव्हलरचा आणि वरचा रुंद ट्युब्युलर नायलॉनचा ठेवा. केव्हलर ताणत नाही, नायलॉन ताणतं आणि झटका खातं, दोघांची जोडी चांगली जमते.

झटका किती असतो ते बघा. डिले (मोटर विझल्यापासून इजेक्शनपर्यंतचा वेळ) चुकला आणि पॅराशूट टोकाला न उघडता ३ सेकंद उशिरा उघडलं तर रॉकेटचा वेग सेकंदाला २९ मीटरच्या आसपास झालेला असतो. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ५.५ ला जे पॅराशूट दीड किलो तोलतं तेच आता ४२-४३ किलोची ओढ देणार, आणि दोरी एकदम ताणली गेल्याचा हिसका वेगळाच. बारीक केव्हलर असेल तर ते ट्यूबच्या काठातून करवतीसारखं खाली फाडत जातं, त्याला झिपर म्हणतात. ट्यूब वरून खाली चिरलेली दिसली की समजायचं, दोरी बारीक किंवा तोकडी होती नाहीतर वेळ चुकली. लांबी रॉकेटच्या किमान तिप्पट, चौपट-पाचपट असेल तर उत्तम. गाठीत दोरीची ताकद बरीच घटते, शिवलेला लूप घ्या.

जोडाची जागा विसरू नका. प्लॅस्टिक नोज कोनच्या (रॉकेटच्या पुढच्या शंकूच्या) बुडाची ती मोल्डेड कडी दीड किलोच्या रॉकेटला भरवशाची नाही, आत बल्कहेड (आडवी जाड चकती) बसवून आय बोल्ट टाका, आणि आय बोल्ट पूर्ण बंद डोळ्याचा, वाकवलेल्या तारेचा नको, तो ओढीने उघडतो. क्विक लिंक (नटने बंद होणारी कडी) स्टेनलेसचीच. झिंक प्लेटेड लिंक आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांबडी होते आणि मग तिचा नट फिरतच नाही. स्विव्हलचंही तेच, हातात धरून ओढत फिरवून बघा, कुरकुरला तर बदला.

जळालेलं कापड आणि वणवा

पॅराशूट बाहेर आलं पण गोळा होऊन खाली पडलं, असं झालं तर उचलल्यावर आधी कापड उलगडून बघा. कडेला तपकिरी, चिकटलेले डाग असतील तर गॅसने वितळवलंय, पॅराशूटभोवतीचं नोमेक्सचं (आग न धरणारं) कापड लहान पडलं किंवा नीट गुंडाळलं नव्हतं. डाग नसतील पण लाईन्स (पॅराशूटच्या दोऱ्या) एकमेकीत पिळल्या असतील तर पॅकिंग चुकलं, लाईन्स कापडाभोवती आवळून गुंडाळणं बंद करा.

वॅडिंग (चार्ज आणि पॅराशूट यांच्यामधला थर) म्हणून कापूस, रद्दी पेपर, नारळाची सोडणं असलं काही घालू नका हो. कात्याला ठिणगी लागली की तो तासभर धुमसत राहतो. सड्यावरचं गवत दिवाळीनंतर वाळून कोळ झालेलं असतं आणि वणव्यात काजूच्या, हापूसच्या बागा जातात हे आपण दरवर्षी बघतो, एखाद्याची वीस वर्षांची कलमं आपल्या हौसेपायी जाता कामा नयेत. फ्लेमप्रूफ वॅडिंग किंवा नोमेक्सच, लाँचपॅडभोवतीचं गवत काढलेलं, आणि पाण्याचे पंप घेऊन माणसं जिथे रॉकेट पडणार त्या बाजूलाही उभी हवीत.

काल सैल होतं, आज निघत नाही

हे आपल्याकडचं खास दुखणं. कागदी किंवा फिनॉलिक ट्यूब, कपलर (दोन ट्यूब जोडणारा तुकडा) दमट हवेत फुगतात. रात्री खोलीत बसवलेला नोज कोन पहाटे सड्यावरच्या दवात घट्ट होतो आणि चार्ज फुटला तरी निघत नाही, रॉकेट भाल्यासारखं खाली. म्हणून फिटिंग लाँचच्या जागी, लाँचच्या सकाळी तपासायचं. नोज कोन धरून रॉकेट उचललं तर आपल्या वजनाने सुटू नये, पण हलका झटका दिला की सुटावं. घट्ट असेल तर पॉलिश पेपर, सैल असेल तर मास्किंग टेपचा एक वेढा. कपलरला पातळ इपॉक्सीचा हात दिला तर फुगणं बरंच कमी होतं. पॅराशूटला थोडी टाल्कम पावडर लावा म्हणजे दमट हवेत घड्या चिकटत नाहीत, आणि ते ट्यूबमध्ये आपल्या वजनाने सरकलं पाहिजे, अंगठ्याने दाबावं लागत असेल तर ते तिथे बसत नाही असं समजा.

पॅराशूट कधीही पॅक करून ठेवून देऊ नका, पावसाळ्यात बुरशी धरते. सैल टांगून ठेवा, उन्हात नाही, केव्हलर उन्हाने कमजोर होतं. समुद्राच्या पाण्यात पडलं असेल तर सगळं गोड्या पाण्यात भिजवून धुवा, नुसतं वाळवलं तर मीठ तसंच राहतं.

रंग निवडताना जागा बघा. लाल-केशरी पॅराशूट हिरव्या बागेत लगेच दिसतं पण तांबड्या जांभ्यावर हरवतं, तिथे गर्द गुलाबी किंवा पिवळा-काळा बरा. सोबत एक बझर टाका, करवंदीच्या जाळीत पडलं की डोळ्यांपेक्षा कानच जास्त कामाला येतात. जागा ठरवताना कातळशिल्पं असलेला सडा मात्र सोडा, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी इथली चित्रं हजारो वर्षांची आहेत, तिथे पॅड रोवायचा आणि धावपळ करायची नाही.

आणि रॉकेट माडावर अडकलं तर स्वतः चढू नका, गावातल्या पाडेल्याला बोलवा, त्याला रीतसर पैसे द्या. विजेच्या तारेवर गेलं तर त्याला हातच लावायचा नाही, लटकणारी दोरीसुद्धा ओढायची नाही, दवाने किंवा खाऱ्या पाण्याने भिजलेल्या दोरीतून करंट येऊ शकतो. महावितरणला फोन करा आणि त्यांचा माणूस लाईन बंद करेपर्यंत खाली कोणालाही जाऊ देऊ नका.