एहुरू म्हणजे जायफळ नव्हे: वापरताना आणि लावताना या चुका टाळा

नायजेरियात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांत एहुरूची ओळख बहुधा ‘इथलं जायफळ’ अशीच करून दिली जाते. वास जवळचा आहे, हे खरं. पण बिघडतं ते याच समजुतीमुळे. एहुरू ज्याच्या बिया, ते मोनोडोरा मिरिस्टिका हे झाड जायफळाच्या कुळातलं नाही, ते सीताफळ-रामफळाच्या कुळातलं आहे. पश्चिम आफ्रिकेपासून युगांडा-केनियापर्यंतच्या सदाहरित जंगलांत ते वाढतं. फूल लांब देठाला लोंबतं, पिवळ्या पाकळ्यांना लाल-जांभळे ठिपके आणि कडेला चुण्या. एकदा पाहिलं की विसरत नाही. फळ सोललेल्या नारळाहून मोठं, टणक. आत पांढऱ्या गरात बिया. या बिया म्हणजे एहुरू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बी न भाजता किसून घालणे. जायफळ तसं चालतं, एहुरू नाही. बीवर कडक साल असते आणि ती पदार्थात कचकच लागते. कोरड्या तव्यावर मंद आचेवर बिया सतत हलवत भाजा. साल चकाकू लागली, एखादी बी तडकली, की एकच बी काढून खलबत्त्यात हलकेच ठेचून बघा. साल सुटून आतला दाणा फिकट तपकिरी दिसला तर आच बंद करा. दाणा काळा पडला असेल तर तो सरळ टाका. एक जळका दाणा अख्खं पातेलं कडू करतो.

प्रमाणही जपा. चार जणांच्या पेपर सूपला, म्हणजे मटण किंवा मासळीच्या तिखट, पातळ नायजेरियन रश्श्याला, दोन-तीन बिया पुरतात. महिनाभराची पूड करून ठेवू नका, या बियांचा सुगंध तेलात असतो आणि पूड केली की उडतो. सालीसकट बिया कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. विकत घेताना हातात घेऊन बघा: हलकी, भोकं पडलेली बी किडीने पोखरलेली असते.

श्रीखंडात किंवा बासुंदीत एहुरू घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा लाकडी, किंचित तिखट स्वाद मटण आणि मासळीच्या रश्श्यातच खुलतो.

पेपर सूपमध्ये एहुरूसोबत उदा नावाच्या काळ्या शेंगा असतात, त्याही याच कुळातल्या. तिथे उलटी चूक होते: शेंग मिक्सरला लावली जाते. सुगंध शेंगेच्या सालीत आहे, बिया कडवट. शेंग नुसती चेचून रश्श्यात सोडा आणि वाढण्याआधी काढून टाका. बाळंतिणीच्या सूपात उदा आवर्जून घालतात, पण गर्भारपणात ती टाळावी.

कुळ एक म्हणून सीताफळाच्या बिया भाजून बघण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नका. त्या विषारी आहेत, डोळ्यांना तर फारच घातक.

आता लागवड. बाजारातल्या बिया पेरून महिनोन्‌महिने पाणी घालणारे बरेच भेटतात. त्या बिया वाळवून जुन्या झालेल्या असतात, कधी आधीच भाजलेल्याही. त्या उगवणार कशा? पिकलेल्या फळातली ताजी बी घ्या, गर धुऊन काढा आणि लगेच पेरा. उगवायला कित्येक आठवडे लागतात, तोवर माती उकरून बघू नका. माती ओलसर हवी, पाणी साचता कामा नये. रोप जंगलातल्या मोठ्या झाडांखाली वाढणारं, त्यामुळे पहिली काही वर्षं त्याला सावली लागते. उघड्या उन्हात ठेवलं तर पानं करपतात, आणि लोक खत कमी पडलं समजून आणखी खत घालतात. फळासाठी बरीच वर्षं थांबायची तयारी असेल तरच लावा.

कोकणातलं दमट हवामान पाहून सुट्टीत येताना बिया बॅगेत टाकून आणण्याचा मोह होतो. पेरणीसाठी बी परदेशातून आणायचं तर 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आधी आयात परवाना आणि निघण्याच्या देशातलं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. परक्या बीबरोबर आलेली कीड आपल्या सीताफळाच्या बागांवर उतरू शकते, कारण कुळ तेच आहे.