एरर नोटा जमवताय? मग या चुका टाळा

नाशिकरोडला नोट प्रेस आहे म्हणून एरर नोटा, म्हणजे छपाईत किंवा कटिंगमध्ये चूक राहिलेल्या नोटा, आपल्याकडंच जास्त सापडणार, हे आधी डोक्यातून काढा. प्रेस १९२८ पासून इथं आहे हे खरं, पण छापलेली नोट गेटमधून बाहेर पडून थेट आपल्या भाजीवाल्याकडं जात नाही, ती रिझर्व्ह बँकेकडं जाते, तिथून देशभरच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे बँकांमधल्या नोटांच्या तिजोऱ्यांत, आणि आपल्या एटीएममधून देवासच्या, म्हैसूरच्या नाहीतर सालबोनीच्या प्रेसमधली नोटही निघू शकते. "प्रेसमधला माणूस आहे, आतला माल देतो" असं कुणी म्हटलं की तिथून कलटी मारा. तो माल एकतर चोरीचा नाहीतर बनावट.

आता नवशिक्यांचं आवडतं. नंबरात स्टार दिसला की फोटो पाठवतात. भाऊ, ती खराब निघालेल्या नोटेच्या जागी घातलेली नोट आहे, छोट्या नोटांत २००६ पासून आणि ५०० मध्ये २०१६ पासून. नंबराचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, ते पण डिझाइनच आहे. ७८६ वाली नोट हौस म्हणून ठेवा, एरर म्हणून विकू नका.

पण खरी चीड येते ती नोट "नीट" करणाऱ्यांची. जेलरोडच्या एका पोराला कोऱ्या गड्डीत शंभरची नोट मिळाली, कटिंगच्या आधीच कोपरा दुमडलेला, त्यामुळं घडी उघडली की कागदाचा कान बाहेर येत होता आणि नंबराचा शेवटचा आकडा मागच्या बाजूला छापलेला. असली नोट लोक वर्षानुवर्षं शोधतात. ह्या महाशयांनी काय करावं? अल्बमच्या खिशात बसत नाही म्हणून कान कात्रीनं कापला, वर इस्त्री पण फिरवली. मग मला विचारतो, काका किती येतील? शंभर येतील म्हटलं, तेही दुकानदार चांगला असेल तर. आधी बॅकग्राउंड, मग हाताला लागणारी उठावाची छपाई, मग नंबर आणि सगळ्यात शेवटी कटिंग, असा क्रम असतो, आणि घडी नेमकी कधी पडली हे त्या घडीवरूनच कळतं. ती मोडली की पुरावा गेला. मी तर अशी नोट आहे तशीच दुमडलेली ठेवतो, उघडायची ती फक्त बघण्यापुरती.

दुसरा प्रकार धुतलेल्या नोटा. रंग उडालाय, नंबर गायब आहे, म्हणजे एरर असं नसतं. बरेचदा ती पँटच्या खिशात राहून मशीनमध्ये फिरलेली असते, नाहीतर कुणीतरी केमिकलनं नंबर पुसलेला असतो. मी यूव्ही टॉर्च घेतल्याशिवाय नोट बघायला जातच नाही. नोटेचा कागद कापसाचा, यूव्हीखाली तो मंदच दिसतो, पण साबण पावडरमधल्या चमकेमुळं धुतलेली नोट निळसर उजळते. जिथं नंबर हवा तिथं कागदाचे तंतू फुगलेत का तेही भिंगातून बघा. विकणारा घाई करत असेल तर उलट जास्तच वेळ लावा.

नंबर दोन ठिकाणी असतो, दोन्ही वाचा, फरक निघाला तर नशीब. छपाई एखाद मिलिमीटर सरकलेली असेल तर सोडून द्या. लॅमिनेशन, सेलोटेप, पेननं खुणा, हे काहीच नको. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम पण नको, नोटा चिकटतात.

"ही नोट पाच लाखाला जाते" वाले व्हिडिओ बघून आधी रजिस्ट्रेशन फी भरणाऱ्यांना मी समजावणं सोडलंय. रिझर्व्ह बँकेच्या नावानं कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा असं खुद्द बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं होतं.

आणि नोटबंदीतल्या जुन्या ५००-१००० मधले एरर जमवत असाल तर मोजून ठेवा, २०१७ च्या कायद्यानं संग्रहासाठी सगळ्या मिळून २५ पर्यंतच चालतात, त्यावर दहा हजार किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड.