नवे पाटे बसवल्यावर मागची बाजू उंच आणि कडक: माझा अनुभव

माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला मागे नवे लीफ स्प्रिंग पाटे व शॉक ॲब्सॉर्बर बसवल्यानंतर गाडी मागून अपेक्षेपेक्षा उंच राहू लागली, छोट्या खड्ड्यातही दणके बसू लागले आणि शॅकलमधून (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी हलती कडी) करकर ऐकू येऊ लागली. टायरची हवा कमी केली, शॉक बदलून पाहिले, पाट्याच्या टोकांतील बोल्टभोवती असलेल्या रबरी बुशवर तेल सोडले (तेलाने रबर खराब होते, ते टाळावे). तीन आठवडे वाया गेल्याने मी पुरता वैतागलो होतो.

खरे कारण असे होते की, चाके हवेत लोंबकळत असतानाच पाट्यांचे बोल्ट आवळल्यामुळे बुशची आतली नळी त्याच स्थितीत जखडली गेली आणि गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहिले.

गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करून पुढच्या चाकांना ठोकळे लावले. पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाच्या गोल छिद्राचा) आणि शॅकलचे दोन्ही बोल्ट, नट न काढता, केवळ बुश मोकळे फिरण्याइतके सैल केले. मागची बाजू जोर देऊन अनेकदा खालीवर हलवली आणि, वजन चाकांवरच ठेवून, टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) मॅन्युअलमधील मापानुसार बोल्ट आवळले. शेवटी पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट तिरक्या क्रमाने (एका कोपऱ्यानंतर त्याच्या तिरक्या समोरचा), थोडे थोडे आवळले. ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासले, तेव्हा दोन किंचित सैल निघाले. करकर त्याच दिवशी थांबली होती.