निसर्गगट चालवताय? मग या चुका टाळा

मी आमच्या निसर्गगटाची प्रमुख झाले तेव्हा गटाचं सगळं सामान माझ्या कपाटात असायचं: सहा दुर्बिणी, प्रथमोपचाराची पेटी, नोंदवह्या. जागामालकाचा नंबर माझ्याच फोनमध्ये, आणि कुठली पायवाट पावसात बंद होते हे माझ्याच डोक्यात. मग माझा पाय मोडला. दीड महिना गटाची एकही फेरी निघाली नाही. भेटायला आलेले म्हणाले, "ताई, तुमच्याशिवाय गटाचं पान हलत नाही." खरं तर मला लाज वाटायला हवी होती. मी मात्र खूश झाले.

एकखांबी तंबू

नवी माणसं दोनदा येतात आणि तिसऱ्यांदा गायब होतात, अशी तक्रार बहुतेक गटांत ऐकू येते. त्यांना निसर्गाची आवड नव्हती, असं आपण मानून चालतो. बऱ्याचदा त्यांना करायला काही नव्हतं, एवढंच कारण असतं. प्रमुख बोलतो, प्रमुख दाखवतो, प्रमुखच पिशव्या उचलतो. बाकीचे पाहुणे.

काम द्यायचं तर छोटं, पण पूर्ण द्या, आणि ते कधी संपेल हेही सांगा. "जमेल तशी मदत कर" याला काही अर्थ नाही. "पुढच्या तीन फेऱ्यांची हजेरी तुझ्याकडे. कुणाला दमा आहे, कुणाला मधमाशीची ॲलर्जी आहे, हे निघण्याआधी विचारून ठेवायचं" हे झालं काम. तीन फेऱ्या झाल्या की त्याला मोकळं करा. कायमचं गळ्यात पडेल या भीतीनेच अर्धे लोक हात वर करत नाहीत.

दिलेलं काम परत ओढून घेऊ नका. मी ते केलं आहे. आमच्यातला एक तरुण पहिल्यांदाच मुलांना पक्षी दाखवत होता. वर घिरट्या घालणाऱ्या घारीला तो गरुड म्हणाला आणि मी मागून सगळ्यांसमोर त्याला दुरुस्त केलं. माहिती माझी बरोबर होती, पण पुढे आठ महिने त्याने फेरी घेतली नाही. आज तसं झालं तर मी एवढंच विचारेन, "शेपटी कशी दिसतेय रे? मध्ये खाच आहे का?" घारीच्या शेपटीला खाच असते. त्याने वर पाहिलं असतं, स्वतःच ओळखलं असतं, आणि मुलांनाही पक्षी ओळखायचा कसा ते कळलं असतं.

"कोण येणार?" असं ग्रुपवर विचारणं

रोपांना पाणी घालायला रविवारी कोण येईल, असं मी एकदा व्हॉट्सॲपवर विचारलं. तेवीस अंगठे आले. रविवारी आम्ही दोघी होतो आणि बादली एक.

लोक खोटारडे असतात असं नाही. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. इंटरकॉमवर एका माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचं ऐकू येतं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक तो आवाज संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. तिथे झटका होता, इथे बादली. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, एवढं खरं. म्हणून ग्रुपवर सूचना टाका, पण माणूस फोन करून मागा. नाव घेऊन, वार आणि वेळ सांगून. आणि "नाही" आलं तर खळखळ न करता स्वीकारा. आज मोकळेपणाने नाही म्हणू शकलेला माणूस पुढच्या वेळी फोन उचलतो.

फोटोसाठी झाडं लावणं

वृक्षारोपणाला गर्दी हमखास होते, म्हणून नेतृत्वालाही त्याचा मोह होतो. खड्डे मोजले जातात, जगलेली झाडं नाहीत. पहिला प्रश्न असा हवा की इथे मुळात काय होतं? गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, आणि झाडांची दाटी झाली की मोकळ्या गवताळ जागेचे पक्षी तिथून हटतात. दुसरा प्रश्न: पुढचे दोन कोरडे हंगाम पाणी कोण घालणार? नावं सांगता आली नाहीत तर दोनशेऐवजी वीस रोपं लावा. आळ्यात पालापाचोळा पसरा, पण खोडाला चिकटवून नको, तिथे ओल धरते आणि साल कुजते. एक वर्षाने जाऊन मोजा. आकडा वाईट आला तरी तो ग्रुपवर टाका.

नोंदी आहेत, पण वापरता येत नाहीत

"आज खूप पक्षी दिसले." आमच्या जुन्या वहीत अशी पानंच्या पानं आहेत. वाचायला गोड, बाकी उपयोग शून्य.

1900 सालच्या नाताळात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने 27 जणांनी 25 ठिकाणी पक्षी मोजले. ती मोजणी आजही दरवर्षी होते. आता ठरलेलं, सुमारे 24 किलोमीटर व्यासाचं वर्तुळ असतं, आणि किती जणांनी किती तास मोजलं हेही लिहिलं जातं. म्हणून एका वर्षाची तुलना दुसऱ्या वर्षाशी करता येते. तुमची पद्धत साधी चालेल: तीच वाट, तीच वेळ, किती माणसं, किती मिनिटं. काही दिसलं नाही तर तेही लिहा. ही वही सांभाळायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही, चिकाटीचा माणूस लागतो.

आणि घरटं सापडलं तर फोटो ठिकाणासह कुठेही टाकू नका. आयनॅचरलिस्टसारखं निसर्गनोंदींचं ऑनलाइन व्यासपीठ धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपणहून झाकतं, व्हॉट्सॲप झाकत नाही. पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. विणीच्या दिवसांत तर नक्कीच. हे काम प्रमुखाचंच, इथे लोकप्रियतेची काळजी करायची नाही.

थोडक्यात उरलेलं

मुलांच्या फेरीत एक मोठा पुढे, एक शेवटी, आणि प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा. एकटं मूल एकट्या मोठ्यासोबत कधीच नको. वाट आदल्या दिवशी चालून या. पैशांचा हिशोब दोघांकडे ठेवा आणि सगळ्यांना दिसू द्या.

पाय बरा झाल्यावर मी वर्षातून एक महिना मुद्दाम रजा घ्यायला लागले, फोनवर सल्लासुद्धा नाही. पहिल्या रजेत दोन गोष्टी अडल्या: जागामालक अनोळखी नंबर उचलत नव्हते, आणि प्रथमोपचाराच्या पेटीतल्या मलमाची मुदत उलटून गेली होती. मग मी दोघांना सोबत नेऊन मालकांशी ओळख करून दिली. पेटीच्या झाकणाला मुदतीच्या तारखांचा कागद चिकटवला. दुसऱ्या रजेवरून परतले तर फेरीची वाटच बदललेली होती, मला न विचारता. नवी वाट ओढ्याच्या सावलीतून जाते. सकाळी दहानंतरही मुलं कुरकुरत नाहीत.