किनाऱ्यावर खोल्या आणि खानावळ चालवताय? विम्याचा कागद आधी असा वाचा

३ जून २०२०ला दुपारी निसर्ग वादळ आलं, तेव्हा दिवेआगरला आमच्या घरातली सात माणसं मधल्या खोलीत दाराला पाठ लावून बसली होती. वारा थांबल्यावर मागचं दार उघडलं, तर स्वयंपाकाच्या शेडवर माड आडवा, चारपैकी तीन खोल्यांची कौलं गेलेली आणि वाडीतल्या पोफळी एकाच दिशेला झोपलेल्या. मी ह्यांना म्हटलं, "विमा आहे ना आपला, परत उभं करू."

विमा होता. इमारतीचं नुकसान साडेचार लाखांचं निघालं आणि मंजूर झाले पावणेदोन लाखांच्या आसपास. तेही आमच्या हातात आले नाहीत, कर्जखात्यात जमा झाले. पत्र्यांचे पैसे मी नणंदेकडून उसने आणले.

असं का झालं ते नीट सांगते, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत आजही हेच चाललेलं आहे. आमची पॉलिसी कर्जाच्या वेळी बँकेने काढून दिलेली होती. कर्ज १२ लाखांचं, म्हणून विमाही १२ लाखांचा. पण तेवढी इमारत नव्याने बांधायची तर ३० लाख लागले असते. विमा गरजेच्या ४० टक्के, म्हणून भरपाईही नुकसानीच्या ४० टक्के. साडेचार लाखांचे ४० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, त्यातून पॉलिसीतली ठरलेली वजावट, म्हणजे दर दाव्यात आपण स्वतः सोसायचा हिस्सा, गेली. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने रक्कम तिकडे वळली. शेड आम्ही नंतर बांधलेली, तिचा कागदावर उल्लेखच नव्हता, म्हणून तिचे शून्य रुपये.

तेव्हा पहिलं काम हे: गवंडी आणि सुतार यांना घरी बोलवा आणि आजच्या दराने सगळं पुन्हा बांधायला किती लागेल ते लिहून घ्या. जागेची किंमत त्यात धरायची नाही, जमीन वादळात उडत नाही. मग वहीत एकेक वस्तू मांडा: इमारत, शेड, गडगा आणि फाटक, सोलर, इन्व्हर्टर, पंप, फ्रीझर, गॅसच्या शेगड्या, पलंग, गाद्या, एसी. आमच्या वहीत १४ गाद्या निघाल्या, मला वाटत होतं दहाच आहेत. जे कागदावर नाही त्याचे पैसे मागता येत नाहीत. दर दोन वर्षांनी हे आकडे पुन्हा काढा, बांधकामाचे दर थांबत नाहीत.

१ एप्रिल २०२१पासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंतची असेल तर ही चालते, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांना. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड हे तिच्यात आहे. विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर भरपाई कापत नाहीत. वादळानंतर ७ दिवसांच्या आत त्यामुळे चोरी झाली तर तीही धरतात. हे महत्त्वाचं आहे, कारण आमच्या आळीत अंधारात दोन पंप गेले. एरवीच्या घरफोडीचा विमा मात्र वेगळा काढावा लागतो.

होमस्टेवाल्यांना एक कळकळीची विनंती. राहत्या घराची पॉलिसी काढून त्यावर खोल्या भाड्याने देत असाल, तर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येऊ शकतो. खोल्या किती, पाहुण्यांना जेवण देता का, हे प्रस्तावाच्या अर्जावरच लिहा आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या. एजंट फोनवर "चालतंय हो वहिनी" म्हणाला, तर त्या बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही. न्याहारी निवासची (बेड अँड ब्रेकफास्टची) नोंदणी, ग्रामपंचायतीचा नमुना ८चा घराचा उतारा, अन्न परवाना यांच्या प्रती त्या फाइललाच लावा.

काय मिळत नाही तेही आधीच समजून घ्या. खाऱ्या हवेने गंजलेले पत्रे, वर्षानुवर्षांची ओल, पावसाळ्यातली नेहमीची गळती याचे पैसे नाहीत. वाडीतले माड-पोफळी नाहीत. त्यांचं जे काही मिळालं ते सरकारी मदतीतून, तलाठ्याच्या पंचनाम्यावर. फ्रीझरमध्ये सुरमई आणि कोळंबी होती, लाइट कित्येक दिवस आली नाही, सगळी खड्डा खणून पुरली. साध्या पॉलिसीत तीही बसत नाही, त्यासाठी माल खराब होण्याचं वेगळं कलम घ्यावं लागतं. माझ्या मते खानावळ मोठी असेल तरच ते परवडतं. धंदा बंद राहिल्याच्या नुकसानीचा विमाही वेगळा असतो. मे आणि दिवाळी या दोन हंगामांवर ज्यांचं वर्ष चालतं, त्यांनी त्याचा दर जरूर विचारावा.

आणि पाहुण्यांचं काय? ओल्या फरशीवर कुणी घसरलं, जेवणातून बाधा झाली, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते. इमारतीच्या पॉलिसीचा तिथे काही उपयोग नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी हवी, आणि अन्नविषबाधा तिच्यात लिहून घेतलेली हवी. कामाला असणाऱ्या मावश्या आणि पोरांसाठी कामगार भरपाईचा विमा काढा. पाहुण्यांना बोटीवर किंवा पॅरासेलिंगला पाठवत असाल, तर त्या चालकाचा स्वतःचा विमा आहे का ते कागद बघून खात्री करा.

वादळ येऊन गेल्यावर हात आवरणं सगळ्यात कठीण. माझ्या पुतण्याने मायेपोटी दुसऱ्याच दिवशी सगळी फुटकी कौलं गोळा करून ओढ्याकाठी टाकली. नुकसान मोजायला विमा कंपनीचे सर्व्हेअर टेप घेऊन आले आणि विचारलं, "काकू, कौलं किती गेली?" दाखवायला काहीच नव्हतं, त्यांनी अंदाजाने आकडा लिहिला. म्हणून आधी चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा, मग ताडपत्री घाला, फुटकं सामान एका कोपऱ्यात राखून ठेवा. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा नंबर लिहून घ्या. आमच्याकडे टॉवरच पडले होते, तेव्हा गाडीत बसून रेंज मिळेल तिथपर्यंत जावं लागलं. बिलं आणि पॉलिसीची एक प्रत मी आता पुण्याला मुलीकडे ठेवली आहे.

दावा नाकारला किंवा फार कापला असं वाटलं, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, सूक्ष्म उद्योगांनाही ती सोय आहे आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे मागता येते. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. मला हे कुणी वेळेत सांगितलं नाही.

नूतनीकरणाची तारीख मे-जूनमध्ये येऊ देऊ नका. वादळाचा इशारा आल्यावर कुणी नवी पॉलिसी देत नाही. आमची आता १ मार्चला सुरू होते, होळीच्या आधी हप्ता भरलेला असतो.