पासवर्ड तपासणीची मुक्तस्रोत साधने: मराठवाड्यातील छोट्या संस्थांनी कोणते, केव्हा आणि कसे वापरावे

लातूर, जालना किंवा परभणीतील एखाद्या पतसंस्थेत, महाविद्यालयात अथवा डाळ मिलच्या कार्यालयात संगणकांची देखभाल करणारी व्यक्ती बहुधा एकटीच असते. प्रिंटर अडकला तरी तिलाच बोलावतात आणि सर्व्हरचा बॅकअपही तिनेच घ्यायचा असतो. अशा व्यक्तीने आपल्या संस्थेतील पासवर्ड किती टिकाऊ आहेत हे स्वतः तपासायचे ठरवले, तर त्यासाठी लागणारी साधने विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहेत. अडचण निवडीची आहे. जॉन द रिपर, हॅशकॅट, हायड्रा, एनमॅप, झॅप ही नावे सहसा एकाच यादीत वाचायला मिळतात आणि त्यामुळे ती एकमेकांना पर्याय आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांतील बरीच साधने अगदी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. शिवाय आपल्या भागात तपासणीचे यश साधनापेक्षा शब्दयादीवर, म्हणजे अंदाज म्हणून टाकून पाहायच्या शब्दांच्या यादीवर, अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून या लेखात त्या यादीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी ठराव, मग तपासणी

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे अथवा त्यातील माहितीची प्रत काढणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपण त्याच संस्थेत नोकरीला आहोत, एवढ्याने परवानगी मिळालेली नसते. संचालक मंडळाचा किंवा प्राचार्यांचा लेखी आदेश घ्यावा आणि त्यात कोणत्या यंत्रणा तपासायच्या, कोणत्या तारखांना तपासायच्या, मिळालेली माहिती कोण पाहील आणि ती केव्हा नष्ट केली जाईल, हे स्पष्ट लिहून घ्यावे. पतसंस्थेचे सॉफ्टवेअर बाहेरच्या पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालत असेल तर त्या पुरवठादाराची लेखी संमती वेगळी लागते. ती नसेल तर तो भाग तपासणीतून वगळावा. ठरावाची एक नक्कल स्वतःजवळ ठेवावी.

चालू सेवेवर की प्रतीवर

साधनांची पहिली विभागणी येथे होते. संगणक पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, निदान साठवू नये. तो पासवर्डपासून गणिती प्रक्रियेने तयार झालेला हॅश साठवतो, आणि हॅशवरून उलट मूळ पासवर्ड काढता येत नाही. म्हणून तपासणारा एकेक अंदाज घेतो, त्याचा हॅश काढतो आणि तो साठवलेल्या हॅशशी जुळतो का हे पाहतो. हे काम हॅशची प्रत घेऊन वेगळ्या संगणकावर केले तर चालू यंत्रणेवर कोणताही ताण येत नाही. जॉन द रिपर आणि हॅशकॅट ही या प्रकारची साधने आहेत.

हायड्रा, मेडुसा आणि एनमॅप प्रकल्पातून आलेले एनक्रॅक ही साधने मात्र चालू सेवेच्या दारावरच एकामागून एक पासवर्ड टाकून पाहतात. त्यांचा वेग नेटवर्कने आणि सर्व्हरने मर्यादित होतो, प्रयत्नांची नोंद होऊ शकते आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाती कुलूपबंद होऊ शकतात. सोमवारी सकाळी काउंटरवर ठेवीदारांची रांग लागलेली असताना सर्व कर्मचाऱ्यांची खाती बंद पडली, तर पुढची तपासणी कोणी करू देणार नाही. त्यामुळे पासवर्ड किती कच्चे आहेत हे शोधण्यासाठी हायड्रा वापरू नये. तिचा एकच उपयोग मी योग्य मानतो: मुद्दाम तयार केलेल्या एका चाचणी खात्यावर ती सुट्टीच्या दिवशी चालवून, चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते खरोखर बंद होते का आणि त्याची नोंद कुठे दिसते का, हे पाहणे.

उरलेली साधने पासवर्ड तोडत नाहीत, पण त्यांच्याशिवाय तपासणी अपुरी राहते. गॉर्डन लायन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेले एनमॅप हे नेटवर्कवर कोणकोणती उपकरणे आहेत आणि त्यांवर कोणत्या सेवा चालू आहेत हे दाखवते. सुरुवात नेहमी त्यानेच करावी, कारण सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच चालू असेल, तर कर्मचाऱ्यांचे पासवर्ड तपासण्याआधी ते दार बंद करायला हवे. नेटवर्कवरून जाणारी माहिती वाचून दाखवणाऱ्या वायरशार्कने आपल्या आतील वेबपानावरून पासवर्ड उघड्या स्वरूपात जातो का हे पाहता येते. झॅप हे वेबसाइटसाठी आहे. त्याची निष्क्रिय तपासणी केवळ येणारीजाणारी माहिती वाचते, पण सक्रिय तपासणी प्रत्येक रकान्यात मुद्दाम चुकीचा मजकूर भरून पाहते, म्हणून प्रवेशअर्जांच्या चालू संकेतस्थळावर ती कधीही सुरू करू नये, चाचणी प्रतीवरच करावी. ओपनव्हॅस जुन्या आवृत्त्यांतील ज्ञात दोष शोधते, परंतु त्याला चांगली मेमरी आणि मोठे डाउनलोड लागते. सापडलेल्या दोषांतून प्रत्यक्ष शिरकाव करून पाहणारे मेटास्प्लॉइट या कामासाठी लागत नाही.

जॉन आणि हॅशकॅट यांत निवड

जॉन द रिपर १९९६ पासून आहे आणि ओपनवॉल प्रकल्प ते सांभाळतो. त्याची ‘जंबो’ आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात शेकडो प्रकारचे हॅश ओळखण्याची सोय आहे आणि पासवर्ड लावलेल्या झिप, पीडीएफ किंवा ऑफिस फायलींतून हॅश वेगळा काढणारी छोटी साधनेही सोबत येतात. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या संगणकावर ते व्यवस्थित चालते. त्याची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘सिंगल’ पद्धत: ती वापरकर्त्याचे खातेनाव, पूर्ण नाव आणि फोल्डरचे नाव घेऊन त्यांचीच रूपे बनवून पाहते. ‘पाटील’ या खात्याचा पासवर्ड पाटील आणि पुढे एक-दोन-तीन असा असेल, तर तो या पद्धतीने काही क्षणांत निघतो, आणि छोट्या कार्यालयांत असे पासवर्ड पुष्कळ असतात.

हॅशकॅट २०१५ च्या डिसेंबरमध्ये मुक्तस्रोत झाले. ग्राफिक्स कार्डाची ताकद पूर्णपणे वापरणे हे त्याचे बलस्थान आहे. हॅशचा प्रकार मात्र मोड क्रमांकाने सांगणे उत्तम, उदाहरणार्थ विंडोजच्या एनटीएलएमसाठी १०००, लिनक्सच्या जुन्या एसएचए-५१२ क्रिप्टसाठी १८०० आणि बीक्रिप्टसाठी ३२००. त्याची ‘मास्क’ पद्धत पासवर्डचा साचा ठरवून त्यातील सर्व शक्यता तपासते.

वेगाचा फरक हॅशच्या प्रकाराने किती बदलतो हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. पहिले इंग्रजी अक्षर मोठे, पुढची चार लहान, मग ॲट-चिन्ह आणि शेवटी चार अंक, हा ‘लातूर@२०२४’ या धर्तीचा साचा घ्या. त्यात सुमारे ११,८८१ कोटी शक्यता आहेत. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड हॅशकॅटवर एनटीएलएमचे सेकंदाला सुमारे २८,८०० कोटी अंदाज तपासते, म्हणजे हा संपूर्ण साचा अर्ध्या सेकंदात संपतो. बीक्रिप्ट हा मुद्दाम संथ बनवलेला हॅश आहे आणि तो किती संथ ठेवायचा याची पातळी ठरवता येते. तो हॅशकॅटच्या चाचणी-पातळीवर, म्हणजे ५ वर ठेवला, तर तेच कार्ड सेकंदाला सुमारे १ लाख ८४ हजारांवर येते आणि त्याच साच्याला साडेसात दिवस लागतात. पातळी १२ केली की प्रत्येक अंदाज १२८ पट महाग होतो आणि हिशेब अडीच वर्षांच्या पुढे जातो. हा हिशेब सर्व शक्यता ओळीने तपासण्याचा आहे. शहराचे नाव शब्दयादीत असेल तर तो पासवर्ड बीक्रिप्टमध्येही लवकर पडतो.

म्हणून निवड अशी करावी. खाती पन्नास-शंभर असतील, संगणक साधा असेल आणि हॅश लिनक्सचे असतील, तर जॉन पुरेसे आहे. डेबियन ११ पासून आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ मांडणी येसक्रिप्ट या हॅशची आहे, आणि ती प्रणालीच्याच क्रिप्ट सुविधेमार्फत जॉनने तपासता येते. विंडोज डोमेन, म्हणजे सर्व संगणकांची खाती एकाच सर्व्हरवर सांभाळणारी मांडणी, असेल आणि कुणाकडे बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल, तर हॅशकॅट घ्यावे. दोन्ही साधनांत काम अर्धवट थांबले तर ‘रिस्टोअर’ पर्यायाने तेथूनच पुढे सुरू करता येते. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या आपल्या गावांत ही सोय फार महत्त्वाची आहे, म्हणून प्रत्येक सत्राला नाव देऊनच ते सुरू करावे.

शब्दयादी आपल्या मातीतली हवी

२००९ साली रॉकयू या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या स्वरूपात फुटले, आणि त्यांतील सुमारे १ कोटी ४० लाख वेगळ्या पासवर्डांची यादी आज सुरक्षा-तपासणीची साधने असलेल्या काली लिनक्स या प्रणालीत तयार मिळते. ती जरूर चालवावी. परंतु तिच्यातील शब्द मुख्यतः परदेशातील लोकांचे आहेत. अंबाजोगाईच्या लिपिकाने कुलदैवताचे, शेताच्या गटाचे किंवा नातवाचे नाव ठेवले असेल, तर ते त्या यादीत सापडेलच असे नाही, आणि तपासणारा ‘पासवर्ड मजबूत आहे’ असा चुकीचा निष्कर्ष काढेल. आपल्या गावातील शेजारी, नाराज झालेला माजी कर्मचारी किंवा भामटा मात्र नेमके तेच नाव आधी टाकून पाहील.

स्वतःची यादी एका साध्या मजकूर फाइलमध्ये, एका ओळीत एक शब्द अशी करावी. आठही जिल्ह्यांची आणि ७६ तालुक्यांची नावे घ्यावीत. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव यांची जुनी व नवी दोन्ही नावे घ्यावीत, कारण पासवर्ड नामांतराच्या आधीचा असू शकतो. तुळजापूर, परळी, औंढा, माहूर, पैठण येथील देवस्थानांची आणि संतांची नावे, आपल्या संस्थेचे नाव, तिचे संक्षिप्त रूप, स्थापना वर्ष, गावातील आडनावे, मुलामुलींची प्रचलित नावे आणि पिकांची नावेही घालावीत. अंकांसाठी वेगळी यादी ठेवावी: वाहनांचे एमएच-२० ते एमएच-२६ आणि हिंगोलीचा एमएच-३८ हे क्रमांक, पिन कोड, १६३०, १६७४ आणि १९४८ ही वर्षे, तसेच १९६० पासूनची जन्मवर्षे. हॅशकॅटच्या ‘कॉम्बिनेशन’ पद्धतीने या दोन याद्या एकमेकींना जोडता येतात. ॲट-चिन्हासह हवे असतील तर ते चिन्ह अंकांच्या यादीत आधीच लावून ठेवावे.

रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते, आणि येथे थोडे कष्ट घ्यावे लागतात. ‘व’ साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. दीर्घ ‘ई’ साठी एक आय किंवा दोन ई. ‘आई’ मध्ये एक ए किंवा दोन. ‘लक्ष्मी’ चे तर चार-पाच प्रकार सहज होतात. अक्षर बदलण्याचे नियम दोन्ही साधनांत लिहिता येतात आणि त्यांची नियमभाषा बरीचशी सारखी आहे. आणखी एक प्रकार तपासावा असे मी सुचवतो: इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाची सवय असलेली व्यक्ती इंग्रजी कळफलकावर मराठी शब्दाच्याच कळा दाबते. पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात आणि पासवर्ड अवघड वाटतो, पण इनस्क्रिप्टचा कळफलक माहीत असलेल्याला तो एक साधा शब्द असतो. आपल्या यादीतील देवनागरी शब्द त्या कळफलकानुसार रूपांतरित करून एक जोडयादी बनवता येते.

मोबाइल क्रमांकासाठी मास्क पद्धत वापरावी: पहिला अंक ६ ते ९ आणि पुढे नऊ अंक, म्हणजे ४०० कोटी शक्यता. एनटीएलएमसाठी ही संख्या नगण्य आहे. दुकानांत आणि कार्यालयांत वाय-फायचा पासवर्ड म्हणून मालकाचा क्रमांक ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. वाय-फायचा हॅश बराच संथ असूनही वर सांगितलेल्या कार्डावर ही सर्व ४०० कोटी रूपे तासाभराच्या आत तपासून होतात, त्यामुळे ही सवय आधी मोडायला हवी.

चालवण्याचा क्रम आणि नंतरची काळजी

हॅशची फाइल इंटरनेट नसलेल्या संगणकावर, कूटबद्ध पेन ड्राइव्हने न्यावी. प्रथम जॉनची सिंगल पद्धत, नंतर स्थानिक यादी नियमांसह, मग रॉकयूची यादी, आणि शेवटी दोन-तीन निवडक मास्क, असा क्रम ठेवावा. दोन रात्रींची मर्यादा आधीच ठरवावी. त्या मुदतीत जे टिकले ते या तपासणीपुरते टिकले असे नोंदवावे, ‘अभेद्य’ असे लिहू नये.

अहवालात पासवर्ड कधीही लिहू नये. कोणते खाते, कोणत्या पद्धतीने आणि किती वेळात उघडले, एवढेच लिहावे, आणि कर्मचाऱ्याला ते एकांतात, आदराने सांगावे. आठवले साहेबांचा पासवर्ड काय निघाला याची चर्चा चहाच्या टपरीवर झाली, तर पुढच्या वेळी कोणीही सहकार्य करणार नाही आणि ते योग्यच असेल. उपाय म्हणून तीन-चार असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड, जेथे शक्य तेथे ओटीपीसारखी दुसरी पायरी, आणि सॉफ्टवेअर आपल्या ताब्यात असेल तर बीक्रिप्ट किंवा आर्गॉन-२ हे हॅश सुचवावेत.

जॉन आणि हॅशकॅट ही दोन्ही साधने उघडलेले पासवर्ड ‘पॉट’ फाइलमध्ये साध्या मजकुरात साठवतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा तपासणी करताना ‘तोडण्यासारखा हॅश उरला नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर त्याचे कारण बहुधा हीच जुनी फाइल असते. काम संपले की पॉट फाइल, सत्राच्या फायली, हॅशची प्रत आणि पेन ड्राइव्हवरील मजकूर कायमचा पुसून टाकावा, ते कधी पुसले याची तारीख ठरावाच्या नकलेवर लिहावी आणि तेथे वरिष्ठांची सही घ्यावी. पासवर्ड बदलल्यावर महिन्याभराने, ताजे हॅश घेऊन, तीच स्थानिक यादी पुन्हा चालवावी.